शब्दकोड्याशेजारी एक हेल्पलाइन नंबर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र लांबलंय हे आधीच सांगून टाकते. कापायचं झालं तर कुठे कापायचं ते शेवटी लिहिलंय.

तुमच्या पेपरात, आणि खरं तर सगळ्याच पेपरांत, आतल्या पानावर एक बातमी कायम येते. आठ-दहा ओळींची. ‘चारित्र्याच्या संशयावरून’ नाहीतर ‘किरकोळ कारणावरून झालेल्या वादातून’ अशी सुरुवात, मग काय झालं ते, मग गुन्हा दाखल, अधिक तपास चालू, संपली बातमी. इतकी वर्षं मला त्यात काही खटकलं नव्हतं. आता खटकतं. ‘चारित्र्याच्या संशयावरून’ म्हणजे चारित्र्य कुणाचं हो? तिचंच. म्हणजे मार खाल्ला तिने, जीव गेला तिचा, आणि बातमीत तपासणीला उभी केली तीही तिलाच. तिचा फोन किती वर्षं रोज रात्री तपासला जात होता, पगार कुणाच्या हातात जात होता, बहिणीशी बोलायचं तर कुणाच्या समोर बसून बोलावं लागायचं, यातलं एक अक्षर त्या बातमीत नसतं. आणि ‘किरकोळ’ बद्दल तर बोलायलाच नको.

आता मी हे का लिहितेय ते सांगते. माझी धाकटी बहीण नऊ वर्षं अशा एका घरात होती. त्या नऊ वर्षांत नवऱ्याने तिच्यावर एकदाही हात उचलला नाही. हे मुद्दाम आधी लिहितेय कारण मी स्वतः तिला तीनदा तरी विचारलं असेल, ‘मारतो का गं?’ आणि ती नाही म्हणाली की मला हुश्श व्हायचं. ‘मग काय, थोडं ॲडजस्ट कर, असतो एकेकाचा स्वभाव.’ हे वाक्य दुसऱ्या कुणाचं नाही, माझं आहे, आणि ते तिला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे.

एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल. ती माझ्याकडे आली होती, तासाभरासाठी. आम्ही दोघीच. तिचा फोन वाजला, व्हिडिओ कॉल. तिने उचलला, नुसतं ‘हं’ म्हणाली, आणि कुणी काही न विचारता फोन हातात धरून सावकाश गोल फिरवला. दार, सोफा, मी, खिडकी, आतल्या खोलीचा पडदा बाजूला करून आतली खोली. चारही कोपरे. मग म्हणाली ‘निघतेच’, आणि ठेवला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, सांगू का, मला वाटलं किती प्रेमाने घर दाखवतेय. एअरपोर्टवर माणूस बॅग उघडून दाखवतो ना, तशी ती तपासणी देत होती हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली.

घरी काय चालायचं ते नंतर तुकड्या-तुकड्यांत कळलं, एकदम कधीच नाही. बाहेर गेली की किती मिनिटांत परत यायचं ते ठरलेलं, उशीर झाला तर ओरडा नाही, अबोला, पाच पाच दिवस, आणि सहाव्या दिवशी तिनेच माफी मागायची. पगार जॉइंट खात्यात, खर्चाचा हिशोब वहीत, पावत्या वहीला टाचलेल्या. पासवर्ड सगळे त्याच्याकडे कारण ‘तू विसरतेस’. मैत्रिणी एकेक करून वाईट निघाल्या, म्हणजे त्याने ठरवलं की त्या वाईट आहेत, आणि दर वेळी त्या मैत्रिणीवरून इतका तमाशा व्हायचा की हिलाच वाटायला लागलं जाऊ दे, नकोच ती मैत्रीण. काल बोललेलं आज ‘मी असं बोललोच नाही, तुला काहीतरी झालंय, डॉक्टरला दाखवू’. बाथरूमची कडी लावायची नाही. आणि वरून ‘तुझ्यासाठीच करतो’. यातली एकेक गोष्ट वेगळी काढून सांगा, कुठलाही नातेवाईक म्हणेल, एवढंच ना? तिचीही तीच अडचण होती. सांगायला गेली तर सांगण्यासारखं काही हातात यायचंच नाही, आणि तरी श्वास कोंडलेला.

याला नाव आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कोअर्सिव्ह कंट्रोल. मराठीत नेमका शब्द काय लावावा मला माहीत नाही, कुणी ‘जबरदस्तीचं नियंत्रण’ म्हणतं, मला तरी आपला ‘धाकात ठेवणं’, ‘मुठीत ठेवणं’ हाच शब्द जवळचा वाटतो कारण मूठ आवळताना आवाज होत नाही. अमेरिकेत डुलुथ नावाचं शहर आहे, तिथे १९८४ मध्ये अशा नात्यांतून गेलेल्या बायकांना एकत्र बसवून विचारलं की बाई, तुमच्यासोबत नेमकं काय काय होतं, आणि त्या जे बोलल्या त्यातून एका चाकाचं चित्र काढलं. मधे सत्ता आणि ताबा. आरे आठ, धमक्या, दहशत, मानसिक छळ, एकटं पाडणं, ‘झालंच नाही’ म्हणणं आणि दोष तिच्यावर ढकलणं, मुलांचा वापर, पुरुष म्हणून मालकी गाजवणं, पैशाची नाकेबंदी. आणि मारहाण आणि लैंगिक अत्याचार कुठे, तर बाहेरच्या धावेवर, सगळे आरे धरून ठेवायला. बहिणीला मी ते चित्र दाखवलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही, मग एकेका आऱ्यावर बोट ठेवत म्हणाली, हे आमच्याकडे सोमवारी, हे रविवारी. हसली पण.

पुढे इव्हान स्टार्क नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने २००७ मध्ये या विषयावर सविस्तर लिहिलं, त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की याला मारहाणीच्या मापाने मोजूच नका, हा गुन्हा माणसाच्या स्वातंत्र्याविरुद्ध आहे, ओलीस ठेवण्याच्या जवळचा. मला हे पटतं, कारण ओलीस ठेवलेल्या माणसाला कुणी विचारत नाही की तू उठून का नाही गेलास.

कायद्याचं सांगायचं तर इंग्लंड आणि वेल्समध्ये डिसेंबर २०१५ पासून हा स्वतंत्र गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. आयर्लंडमध्ये जानेवारी २०१९ पासून, तिथेही पाच. स्कॉटलंडचा कायदा २०१८ चा, एप्रिल २०१९ ला लागू झाला, शिक्षा चौदा वर्षांपर्यंत. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने जुलै २०२४ पासून आणला, क्वीन्सलँडने मे २०२५ पासून. भारतात या नावाचा गुन्हा नाही, पण २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, तो ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि त्याच्या व्याख्येत शारीरिक आणि लैंगिक छळासोबत शाब्दिक, मानसिक आणि आर्थिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. त्यात संरक्षणाचा आदेश मिळू शकतो, राहत्या घरातून बाहेर न काढण्याचा मिळू शकतो, खर्चाचे पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, हेही मागता येतं, आणि संरक्षण अधिकारी नावाचं पद याच कामासाठी आहे. आता हे सगळं कागदावर आहे, प्रत्यक्षात काय होतं त्याचं वेगळं पत्र होईल. पण मुद्दा असा की ‘मारलं नाही म्हणजे काही झालंच नाही’ हे कायदासुद्धा म्हणत नाही, मग आपण घरच्यांनी का म्हणायचं.

आता माझा खरा मुद्दा. सगळे म्हणतात माहिती नेटवर आहे की, सर्च करायचं. बरोबर, आहे. भरपूर आहे. पण फोन कुणाचा? जिचा फोन रोज रात्री चार्जिंगला त्याच्या उशाशी लागतो तिने काय सर्च करायचं आणि कधी? हिस्टरी पुसली तर ‘पुसलीस का’ हा प्रश्न येतो, म्हणजे हिस्टरी असणं धोक्याचं आणि नसणं त्याहून धोक्याचं. काही वेबसाइटवर पटकन बाहेर पडायचं बटण असतं, चांगलं आहे, पण ते बटण दाबून पान जातं, हिस्टरीतली नोंद तिथेच राहते. इनकॉग्निटो, म्हणजे हिस्टरी न ठेवणारी खिडकी, लावलं तरी फोनमध्ये जर पाळत ठेवणारं ॲप घातलेलं असेल तर त्याला सगळं दिसतंच. आणि बऱ्याचदा ॲप घालायचीही गरज नसते हो, व्हॉट्सॲप दुसऱ्या लॅपटॉपवर जोडलेलं असतं, लोकेशन ‘फॅमिली’ म्हणून कायमचं चालू असतं, ईमेलचा रिकव्हरी नंबर त्याचा असतो, काम भागतं.

म्हणून सल्ला देणाऱ्यांनी इथे जपून दिला पाहिजे. ‘आजच सगळे पासवर्ड बदल, लोकेशन बंद कर’ हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण समोरच्याला त्याच क्षणी कळतं की काहीतरी शिजतंय. आयफोनमध्ये २०२२ पासून सेफ्टी चेक नावाची सोय आहे, कुणाकुणाला काय काय दिसतंय ते एका ठिकाणी बघता येतं आणि बंदही करता येतं. पण बघणं वेगळं आणि बंद करणं वेगळं, बंद करायची वेळ विचारपूर्वक ठरवावी लागते. पर्समध्ये किंवा गाडीत टाकायचे ते छोटे ब्लूटूथ टॅग असतात ना, किल्ल्या सापडाव्या म्हणून लावतात ते, तसा अनोळखी टॅग आपल्यासोबत फिरत असेल तर मे २०२४ पासून अ‍ॅपल आणि अँड्रॉइड दोन्ही फोनवर सूचना येऊ शकते, ती आली तर टॅग लगेच फेकून द्यायच्या आधी फोटो काढून ठेवा, पुरावा असतो तो. सगळ्यात सोपं म्हणजे शोधाशोध आपल्या फोनवर करूच नये, ऑफिसचा, मैत्रिणीचा, लायब्ररीतला, ज्याला त्याचा हात लागलेला नाही असा कुठलाही फोन किंवा कॉम्प्युटर घ्यावा. पण असा फोन मिळायला आधी मैत्रीण शिल्लक असावी लागते, आणि मैत्रिणी तर आधीच गेलेल्या असतात.

मग माझ्या बहिणीपर्यंत माहिती पोचली कशी? पेपरातून. कागदाच्या.

ती शब्दकोडं सोडवायची. रोज. सुटलं नाही तर कापून पर्समध्ये ठेवायची, लंच ब्रेकमध्ये पुरं करायला. एक दिवस असंच कापलेलं कोडं उलटं झालं तर मागच्या बाजूला कुठल्याशा लेखाची शेपटी होती, लेख अर्धा कापला गेलेला, आणि खाली चौकटीत एका हेल्पलाइनचा नंबर, सोबत एक ओळ की कुणी तुमचा फोन, पैसे, येणंजाणं ताब्यात ठेवत असेल तर बोला, नाव सांगायची गरज नाही. तो कागद तिच्या पर्समध्ये चार महिने होता. त्या चार महिन्यांत पर्स किती वेळा उलटी झाली असेल, तिलाच माहीत. एकदा तर त्याने ते कोडं हातात घेऊन नीट बघितलं, ‘अजून सुटलं नाही होय?’ म्हणाला, आणि परत ठेवलं. मागची बाजू बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. नऊ वर्षांत एवढी एकच गोष्ट त्याने तपासली नाही, असं ती म्हणते.

नंबरचा शेवटचा आकडा निम्मा कात्रीत गेला होता. १ की ९ ते कळेना. ऑफिसातल्या एका बाईच्या फोनवरून तिने आधी १ लावला, कुणीतरी भलत्यानेच उचलला, ‘रॉंग नंबर’ म्हणून ठेवला, आणि मग तिला वाटलं की हा इशाराच आहे, नको या भानगडीत. ९ लावायला पुढचे तीन आठवडे गेले.

पलीकडच्या बाईने पहिलं काय विचारलं माहितीये? ‘आत्ता बोलणं सेफ आहे का?’ नाव नाही, गाव नाही, ‘नवरा काय करतो’ नाही. दुसरं विचारलं की फोन मधेच कट झाला तर मी परत करू की नको. बहीण सांगते, त्या दोन प्रश्नांनी तिला रडू फुटलं कारण तिच्या सोयीचं असं कुणी किती वर्षांत विचारलंच नव्हतं. त्या बाईने ‘सोड त्याला’ म्हटलं नाही, ‘जुळवून घे’ पण म्हटलं नाही. ती ऐकत होती आणि मधे मधे नेमकं विचारत होती, मूळ कागदपत्रं कुठे आहेत, तुझ्या एकटीच्या नावावर खातं आहे का, मुलाच्या शाळेतून त्याला न्यायचा अधिकार कुणाला आहे, त्याने कधी गळ्याला हात लावलाय का, कधी जीव देईन किंवा घेईन म्हणालाय का, घरात हत्यार आहे का. हे प्रश्न उगीच नसतात. ज्या घरात मारहाण कधी झाली नाही त्या घरातसुद्धा बाई निघायला लागली की तो काळ सगळ्यात धोक्याचा असतो, कारण मूठ सुटतेय हे समोरच्याला कळतं. म्हणून रागाच्या भरात दारातून बाहेर पडणं आणि ठरवून बाहेर पडणं यात जिवाचा फरक असू शकतो. बहिणीला ठरवायला पाच महिने लागले. मूळ कागदांचे फोटो, एक एक करून, दुसऱ्याच्या फोनवर. नवं ईमेल, नवं खातं, पत्ता ऑफिसचा. तारीख-वेळ घालून नोंदी, काय बोलला, कोण समोर होतं, त्या घरात नाही, माझ्याकडे. माझ्याशी तिने एक शब्द ठरवला, फोनवर ती ‘तुझी ती निळी फाइल सापडली का’ म्हणाली की मी काही न विचारता पोलिसांना फोन करायचा. लागला नाही तो शब्द कधी, पण पाच महिने मी फोन वाजला की आधी निळी फाइल ऐकायला कान द्यायचे.

एक खूण पण सांगून ठेवते. कॅनडातल्या एका महिला संस्थेने २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या वेळी सुरू केलेली, व्हिडिओ कॉलवर न बोलता मदत मागता यावी म्हणून. तळहात समोरच्याकडे, अंगठा आत दुमडायचा, वरून चार बोटं मिटायची. बस. कुणी केली तर ओरडून ‘काय झालं?’ विचारू नका, कॅमेऱ्याच्या पलीकडे कोण बसलंय तुम्हाला माहीत नाही. हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं काहीतरी विचारा.

आता आमचं घरच्यांचं काय चुकलं ते लिहिते, कुणाला उपयोग झाला तर झाला. पहिली चूक वर लिहिलीच. दुसरी चूक, आम्ही दोघांना समोरासमोर बसवलं. आधी वडीलधाऱ्यांसमोर, मग एका समुपदेशकाकडे, एकाच खोलीत, एकाच वेळी. त्यांनी विचारलं, ‘बोला, तुम्हाला काय त्रास होतो?’ आणि ती त्याच्याकडे बघून म्हणाली, काही नाही, मीच जरा हळवी आहे. समुपदेशक खूश, आम्ही खूश. घरी गेल्यावर त्या तासाभरातल्या तिच्या प्रत्येक वाक्याचा हिशोब झाला, रात्री दीडपर्यंत. दोन माणसांत भांडण असेल तर एकत्र बसवून सुटतं, पण एक माणूस दुसऱ्याच्या धाकात असेल तर त्याच्यासमोर ते खरं बोलेलच कसं? या विषयात काम करणारे लोक म्हणूनच असं एकत्र समुपदेशन करू नका म्हणतात. तिला एकटीला भेटा, आणि एकटीला भेटताना तिचा फोन दुसऱ्या खोलीत.

तिसरी चूक रागाची. ती एकदा निघून आली आणि अकरा दिवसांत परत गेली, तेव्हा मी म्हणाले, आता परत माझ्याकडे रडत येऊ नकोस. मला वाटलं असं बोलल्याने तिला जोर येईल. झालं उलटंच, त्याला जे हवं होतं ते मी माझ्या हाताने करून दिलं, शेवटची बहीणही तुटली. नंतर कळलं की परत जाणं हे अशा नात्यांत खूप वेळा होतं, त्यात मूर्खपणा नसतो, मुलं असतात, पैसा असतो, भीती असते, आणि हो, प्रेमही असतं, ते चांगले दिवस पुन्हा येतील ही आशा असते कारण मधे मधे तो ते दिवस आणतोही. म्हणून जवळच्यांनी एवढंच करावं, दार बंद करू नये. आठवड्यातून एकदा काहीतरी साधंसुधं पाठवावं, त्याने वाचलं तरी चालेल असं. ‘आज पाऊस पडला’. बहीण म्हणते, माझे ते फालतू मेसेज बघून तिला वाटायचं की बाहेर अजून कुणीतरी आहे.

आणि बाहेर पडल्यावर संपत नाही, हे तर कुणी सांगतच नाही. मुलाला भेटायच्या निमित्ताने फोन, शाळेच्या निमित्ताने फोन, कोर्टात एकामागून एक अर्ज, प्रत्येक अर्जाला वकील, प्रत्येक तारखेला रजा. तोच धाक, आता कागदावर. इंग्लंडच्या कायद्यात आधी नातं चालू असेल किंवा एकत्र राहत असतील तरच गुन्हा धरायचे, नातं तोडून वेगळं राहायला लागल्यावर नाही, ते लक्षात आल्यावर २०२१ च्या कायद्याने दुरुस्ती केली आणि २०२३ पासून वेगळं झालेल्या जोडीदारालाही तो लागू झाला. त्यांनासुद्धा ते कळायला इतकी वर्षं लागली. घरात तर वेगळंच. माझ्याकडे राहायला आल्यावर सात-आठ महिने ती मला विचारायची, ‘ताई, फॅन लावू का?’ दिवसातून चार वेळा. मी म्हणायचे अगं लाव ना, विचारतेस काय. एक दिवस मी कामात होते, ती आली, न विचारता फॅन लावला, पेपर घेऊन बसली. मी वर बघितलं नाही मुद्दाम. ही अशी मदत कुठल्या हेल्पलाइनवर मिळत नाही, पण ती करणाऱ्या माणसाला हे असं होणार आहे एवढं तरी आधी कुणी सांगितलं पाहिजे, नाहीतर आपण वैतागतो. माझं झालंय तसं. त्याच प्रवासातून गेलेल्या बायकांच्या एका गटात ती जाते आता, तिथे म्हणे कुणी ‘मग तू तेव्हाच का नाही’ असं सुरू होणारं वाक्य बोलत नाही, एवढा एकच नियम आहे.

एक वाक्य बाकीच्यांसाठी. मी बहिणीचं लिहिलंय म्हणून बाईचं लिहिलंय. हे पुरुषांच्या बाबतीत होतं, दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या जोडीत होतं, म्हाताऱ्या आईवडलांना मुलगा-सून पेन्शनचं पासबुक काढून घेऊन एका खोलीत बसवतात तेही याच जातीचं. त्यांना तर ‘मला कुणी धाकात ठेवतं’ म्हणायची लाज अजूनच जास्त.

तर संपादक साहेब, मागणी एकच आहे. दर रविवारी विशेष लेख वगैरे नको, असे लेख ज्यांना गरज नाही तेच वाचतात, आणि ‘छळ’ असं मोठं हेडिंग असलेलं पान ती बाई त्याच्यासमोर उघडणार पण नाही. मला रोज एक बोटभर चौकट हवी, शब्दकोड्याच्या शेजारी नाहीतर मागे, सुडोकूच्या खाली, हवामानाच्या बाजूला, जिथे कुणी पाळत ठेवत नाही तिथे. त्यात एक ओळ आणि नंबर. तुमचा पेपर ऑनलाइन बाहेरदेशातही वाचतात, आपल्या मुली लग्न करून कुठे कुठे गेल्यात, आणि तिथे भाषा, व्हिसा, सगळंच त्याच्या हातात असतं, म्हणून आळीपाळीने तिकडचेही द्या. भारतात महिलांसाठी १८१, तातडीचं असेल तर ११२, आणि फुकट वकिलासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१००, बाईला हा वकील उत्पन्न कितीही असलं तरी मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे, बऱ्याच जणींना वाटतं की पगार आहे म्हणजे आपल्याला नाही मिळणार. इंग्लंडमध्ये ०८०८ २००० २४७, पुरुषांसाठी तिकडे ०८०८ ८०१ ०३२७. अमेरिकेत १ ८०० ७९९ ७२३३. ऑस्ट्रेलियात १८०० ७३७ ७३२. छापायच्या आधी प्रत्येक नंबर तुमच्या कुणाकडून तरी लावून बघा, दर महिन्याला बघा, कारण चार महिने हिंमत गोळा करून लावलेला नंबर ‘अस्तित्वात नाही’ म्हणाला तर दुसऱ्यांदा कुणी लावत नाही.

आणि त्या आठ ओळींच्या बातमीखालीही हाच नंबर टाका. जमलं तर ‘चारित्र्याच्या संशयावरून’ च्या जागी काय काय होत आलं होतं ते विचारून लिहा, वार्ताहराने शेजाऱ्यांना एक प्रश्न जास्त विचारला तरी बरंच निघतं.

पत्र बहिणीला वाचून दाखवलंय, तिने दोन प्रसंग काढायला लावले ते काढले, बाकीचं छापायला तिची हरकत नाही. नाव छापू नका, गावही नको. कापायचं असेल तर कायद्यांचा परिच्छेद कापा, माझ्या चुकांचा कापलात तरी चालेल, नंबरांचा ठेवा. आणि चौकट घेताना नंबर अगदी कडेला घेऊ नका, शेवटचा आकडा कात्रीत जातो.

आपली,
एक वाचक